बेगमीत न मावणारी महागाई
पालघर, बोईसर आणि तारापूरच्या मध्यमवर्गीय घरांचा आढावा

मे महिना सरत आला की सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या किनाऱ्यावरच्या गावांतून सुके बोंबील, जवळा आणि सोडे पालघर-बोईसरच्या बाजारात येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी घरात सुकी मासळी, तांदूळ, कांदे आणि वर्षाचा मसाला भरून ठेवायचा, ही इथली जुनी रीत. हीच बेगमी. भाव चढायच्या आत घ्यायचे, उन्हात वाळवायचे, डब्यात भरायचे. महागाईला तोंड देण्याचा घराघरांतला हा सर्वांत जुना उपाय आहे.

आज याच पट्ट्यातले मध्यमवर्गीय घर महिन्याचा हिशोब मांडायला बसते, तेव्हा त्याला जड जाणारे पुष्कळसे खर्च बेगमीत मावत नाहीत. मुलांची फी, घराचा हप्ता, डॉक्टरचे बिल, स्टेशन ते कंपनी रिक्षाचे भाडे यांतले काहीच स्वस्ताईत घेऊन ठेवता येत नाही. महागाईवरची आपली चर्चा मात्र अजून कांदा, टोमॅटो आणि गॅस सिलिंडरभोवती फिरते. ही चर्चा कुठून आली, तिच्यात कोण काय म्हणते आणि कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, ते इथे क्रमाने पाहू.

१. हा पट्टा आणि इथली घरे

देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले. पुढे बोईसरला लागून औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांच्या कारखान्यांत काम शोधायला राज्यातून आणि राज्याबाहेरून माणसे आली. एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि मुंबईत नोकरी करून पालघर-बोईसरला घर घेणे अनेकांच्या आवाक्यात आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याच्या कचेऱ्यांबरोबर नोकरदारांची आणखी एक भर पडली.

या घरांना सरसकट मध्यमवर्ग म्हणावे का, यावरही एकमत नाही. ‘प्राइस’ या संशोधन संस्थेने २०२०-२१ च्या किमतींनुसार वर्षाला ५ ते ३० लाख रुपये उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मध्यमवर्ग मानले आहे. औद्योगिक वसाहतीतल्या अनेक कामगारांचे उत्पन्न या व्याख्येच्या खाली राहते, तरी राहणी, मुलांच्या शिक्षणाच्या अपेक्षा आणि कर्जाचे स्वरूप पाहता ते स्वतःला मध्यमवर्गीयच समजतात. या लेखात दोघांचाही विचार केला आहे.

उत्पन्नाच्या रीतीप्रमाणे इथे तीन प्रकारची घरे दिसतात. पहिल्या घरात केंद्र किंवा राज्य सरकारची नोकरी आहे, म्हणजे महागाई भत्ता आहे. दुसऱ्या घरात खासगी कंपनीतला पगार किंवा ठेकेदाराकडचे काम आहे. तिसऱ्या घरात दुकान, रिक्षा किंवा शिकवणी आहे, नाहीतर कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन आहे. तिघे एकाच दुकानातून किराणा भरतात आणि एकच भाव देतात. पण भाव वाढल्यावर कोणाचे काय होते, ते तिघांच्या बाबतीत वेगळे असते.

२. चर्चेची मागची वाट

‘महागाई भत्ता’ हा शब्द युद्धकाळाने रुळवला. दुसऱ्या महायुद्धात किमती भडकल्यावर मुंबईच्या गिरण्यांतून आणि रेल्वेतून या भत्त्याची मागणी जोर धरू लागली. रेल्वे कामगारांच्या प्रश्नावर १९४० मध्ये न्यायमूर्ती बी. एन. राव यांचे चौकशी न्यायालय नेमले गेले. किमती वाढल्या तर मजुरीही वाढली पाहिजे, हे तत्त्व तेव्हापासून संघटित नोकरीत मुरत गेले.

पुढचा मोठा टप्पा १९७२ चा. महाराष्ट्रात दुष्काळ होता, धान्य आणि तेल मिळत नव्हते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि ‘महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती’ उभी राहिली. हातात लाटणे घेऊन निघालेल्या त्या मोर्च्यांनी स्वयंपाकघरातला हिशोब रस्त्यावर आणला. १९७४ मध्ये देशातली ग्राहक महागाई सुमारे २८ टक्क्यांवर पोहोचली. १९९८ मध्ये कांद्याने राजकारण हलवले. २००९ ते २०१३ या काळात महागाई वर्षानुवर्षे दहा टक्क्यांच्या आसपास राहिली.

त्या अनुभवातून धोरण बदलले. ऊर्जित पटेल समितीने जानेवारी २०१४ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांक हाच आधार धरावा, अशी शिफारस केली. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवण्याची जबाबदारी बँकेवर आली. एप्रिल २०२२ मध्ये दर ७.७९ टक्के झाला. त्या वर्षी सलग तीन तिमाहींत लक्ष्य चुकल्यामुळे बँकेला सरकारकडे लेखी खुलासा द्यावा लागला. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने हा दर ७.४४ टक्क्यांवर नेला. नंतर चित्र उलटले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दर ०.२५ टक्के होता, २०१२ आधारवर्षाच्या मालिकेतला सर्वांत कमी.

३. आकडा आणि अनुभव

इथेच पहिला वाद सुरू होतो. दर पाव टक्क्यावर आला, मग महिनाअखेर हातात पैसे का उरत नाहीत?

एक उत्तर सरळ गणिताचे आहे. महागाईचा दर घटणे म्हणजे किमती घटणे नव्हे. १०० रुपयांची वस्तू काही वर्षांत १५० ची झाली आणि मग तिथेच थांबली, तर त्या वर्षीचा दर शून्य निघतो, पण दुकानात १५० रुपयेच मोजावे लागतात. पगार १२० वर थांबला असेल, तर ३० रुपयांची ओढाताण चालूच राहते.

दुसरे उत्तर टोपलीचे आहे. निर्देशांकात प्रत्येक खर्चाला वजन असते. २०१२ च्या मालिकेत अन्न आणि पेयांचे वजन ४५.८६ टक्के होते आणि ते २०११-१२ च्या खर्च पाहणीवरून ठरले होते. २०२३-२४ च्या पाहणीत शहरी घराचा खाण्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या ३९.६८ टक्के निघाला, ग्रामीण घराचा ४७.०४ टक्के. शहरी मध्यमवर्गीय घरात हा वाटा त्याहूनही कमी असू शकतो. म्हणून भाज्या स्वस्त झाल्या की देशाचा आकडा झपकन खाली येतो, पण फी आणि हप्त्यांनी भरलेल्या घराला तेवढा दिलासा मिळत नाही. उलट भाज्या कडाडल्या तर मजुराचे घर आधी कोलमडते. २०१२ च्या मालिकेत ग्रामीण भागासाठी घरभाड्याचा गटच नव्हता. २०२३-२४ च्या पाहणीवर बेतलेल्या, २०२४ आधारवर्षाच्या नव्या मालिकेत अन्नाचे वजन कमी केले आहे आणि ग्रामीण घरभाडेही धरले आहे. म्हणजे जुन्या टोपलीवरचे आक्षेप सांख्यिकी खात्यानेही काही अंशी मान्य केले.

तिसरे उत्तर मनाचे आहे. रिझर्व्ह बँक मोठ्या शहरांतल्या कुटुंबांना त्यांना जाणवणारी महागाई विचारते. हा आकडा अधिकृत दरापेक्षा नेहमी वर असतो. २०२५ च्या सप्टेंबरात लोकांनी तो सात टक्क्यांच्या आसपास सांगितला होता. काही अभ्यासक म्हणतात, माणसाला वाढलेले भाव लक्षात राहतात, उतरलेले राहत नाहीत. इतरांचे म्हणणे असे की लोक स्वतःच्या टोपलीबद्दल बोलतात, आणि ती टोपली सरकारी सरासरीपेक्षा खरोखरच वेगळी आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

४. ताटातली महागाई

या पट्ट्यातल्या ताटाची एक जमेची बाजू आहे. भाजीपाला जवळ पिकतो, वाड्याचा कोलम तांदूळ आणि डहाणूचा चिकू याच जिल्ह्यातले, मासळी तर दारात. तरी सातपाटीचा पापलेट इथल्या नोकरदाराच्या ताटात आता सणावारीच दिसतो. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर झाला, त्यामागे घटत्या उत्पादनाची आणि लहान पिल्ले पकडली जाण्याची काळजी होती. चांगला माल निर्यातीकडे आणि मुंबईकडे जातो. स्थानिक घर बोंबील, मांदेली आणि सुकटीवर भागवते.

खाण्याच्या भावांत चढ-उतार दोन्ही होतात, हेही नोंदवायला हवे. मुंबईत घरगुती गॅस सिलिंडर मार्च २०२३ मध्ये ११०२.५० रुपये होता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यात २०० आणि मार्च २०२४ मध्ये १०० रुपयांची कपात झाली, मग एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांची वाढ होऊन तो ८५२.५० वर आला. तूरडाळ २०१५ च्या अखेरीस किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती, नंतर उतरली. घरेही आपापली तोड काढतात. डाळ पातळ होते, शेंगदाण्याचे कूट बेताने पडते, मोठ्या पुड्याऐवजी छोटा पुडा येतो. छोट्या पुड्यात मात्र किलोमागे भाव जास्त पडतो. महिन्याचा किराणा एकदम भरू न शकणारे घर त्याच मालाला जास्त पैसे मोजते. बेगमीची सवय असून हातात रोकड नसली की ही शिक्षा भोगावी लागते.

ताटाच्या दुसऱ्या टोकाला शेतकरी आणि मच्छीमार आहेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८० मध्ये चाकणच्या कांदा आंदोलनापासून ठामपणे मांडले की शहराच्या स्वस्ताईचा भार गावावर टाकू नये. ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ कांद्याची निर्यात बंद राहिली, तेव्हा ग्राहकाला दिलासा आणि नाशिकच्या शेतकऱ्याला फटका असे एकाच वेळी घडले. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीन उत्पादकांसाठी खाद्यतेलावरचे आयातशुल्क वाढवले, तर ऐन सणांत तेल चढले. पालघरच्या अनेक मध्यमवर्गीय घरांची एक फांदी गावच्या शेतात आहे. त्यांच्यासाठी हा वाद घरातल्या घरातच आहे.

५. न साठवता येणारे खर्च

प्रवास. बोईसर चर्चगेटपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. १ जुलै २०२५ च्या रेल्वे भाडेवाढीतून उपनगरी तिकिटे आणि पास वगळले गेले. त्यामुळे लोकलचा पास हा या घरांचा सर्वांत स्वस्त आणि स्थिर खर्च राहिला. एसटीचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी वाढले. मार्च २०२३ पासून महिलांना मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटाने त्याची धार काहीशी बोथट केली. खरा चटका बसतो तो स्टेशनच्या बाहेर. रोजची दोन वेळची शेअर रिक्षा महिनाभरात पासाहून जास्त होऊ शकते.

शिक्षण. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळांच्या फीला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मंजुरी लागते. कायदा फीपुरता आहे. शिकवणी, बस, गणवेश, प्रकल्प, स्पर्धा परीक्षांचे वर्ग यांचा खर्च त्याच्या बाहेर राहतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांसाठी दुर्बल घटकांना लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. इथला साधा पगारदारही तिच्या बाहेर पडतो.

आरोग्य. गंभीर आजारात इथला रुग्ण मुंबई, वापी, सिल्वासा किंवा वलसाडला जातो. उपचारांइतकाच प्रवास, मुक्काम आणि बुडालेली रोजी यांचा खर्च येतो. २०२३ मध्ये महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली, पांढऱ्या शिधापत्रिकेच्या घरांनाही, ५ लाखांपर्यंत. रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी तो मोठा आधार आहे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या मात्र खिशातूनच येतात. इथे पर्यावरणाचाही हिशोब धरावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राचे गुण देशात सर्वाधिक होते. विकतच्या पाण्याचे जार आणि दवाखान्याच्या फेऱ्या ही त्या प्रदूषणाची घरोघर फुटलेली किंमत आहे.

घर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ज्यावर गृहकर्जाचे व्याज हलते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. २० लाखांचे, २० वर्षांचे कर्ज ७ टक्क्यांनी घेतले असेल, तर हप्ता सुमारे १५,५०० रुपये बसतो. साडेनऊ टक्क्यांना तोच सुमारे १८,६५० होतो. म्हणजे महागाई आटोक्यात आणण्यासाठी दर वाढवले, तेव्हा या घराचा महिन्याचा भार तीन हजारांनी वाढला किंवा हप्त्यांची वर्षे लांबली. २०२५ मध्ये दर टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांपर्यंत उतरले आणि भार हलका होऊ लागला. पुढच्या वर्षांची चिंता वेगळी आहे. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२०० कोटींच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे स्थानक बोईसरजवळ होत आहे. समर्थकांना त्यात रोजगार आणि वाढते उत्पन्न दिसते. मच्छीमार संघटनांना किनाऱ्यावरची उपजीविका जाण्याची भीती आहे. भाड्याने राहणाऱ्याला भीती असते ती वाढत्या भाड्याची.

६. कारणांविषयीचे मतप्रवाह

पहिला प्रवाह म्हणतो, महागाईला लगाम घालणे हे मुख्यतः मध्यवर्ती बँकेचे काम आहे. लोकांना उद्या भाव वाढणार असे वाटू लागले की ते आज पगार आणि किमती वाढवून मागतात, म्हणून व्याजदराने ही अपेक्षाच रोखायला हवी. रघुराम राजन यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ सांगतात की खाद्यपदार्थ निर्देशांकातून वगळले तर बँकेवरचा लोकांचा विश्वास उडेल, कारण लोक महागाई मोजतात ती ताटावरूनच.

दुसरा प्रवाह पुरवठ्याकडे बोट दाखवतो. पाऊस, साठवणूक, वाहतूक, आयात तेल यांमुळे भाव चढतात. व्याजदर वाढवून टोमॅटो पिकत नाही. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने महागाईचे लक्ष्य खाद्यपदार्थ वगळून ठरवण्याचा विचार व्हावा, असे याच तर्काने सुचवले होते. बोईसरच्या कर्जदाराच्या नजरेतून पाहिले, तर भाजी महागल्याबद्दल त्याने वाढीव हप्ता का द्यावा, हा या प्रवाहाचा प्रश्न आहे.

तिसरा प्रवाह प्रश्नच फिरवतो. त्याच्या मते अडचण किमतींपेक्षा उत्पन्नाची आहे. केंद्रीय कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकानुसार बदलतो. जुलै २०२४ मध्ये तो ५३ टक्के होता, जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. राज्यातल्या किमान वेतनावरचा विशेष भत्ताही सहा महिन्यांनी सुधारतो. पण किमान वेतनाच्या थोड्या वर असलेल्या खासगी पगाराला असा कोणताही आपोआप चढणारा जिना नाही. खासगी कर्मचाऱ्यांच्या ‘ईपीएस-९५’ या पेन्शन योजनेची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. वर्षाला पाच टक्के महागाई धरली तर दहा वर्षांत त्या हजाराची खरेदीशक्ती सुमारे सहाशेवर येते. तारापूरच्या कारखान्यात उभे आयुष्य काढलेल्या माणसासाठी महागाईचा याहून स्पष्ट अर्थ नाही. यावर उद्योगांचीही बाजू आहे. कच्चा माल, वीज आणि सांडपाणी प्रक्रियेचा खर्च वाढत असताना प्रत्येक पगार निर्देशांकाला बांधला तर छोटे कारखाने टिकणार नाहीत आणि वाढीव मजुरी पुन्हा किमतींत उतरेल, असे मालक सांगतात.

७. सरकारी आधार आणि मधली घरे

राज्यात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे. लाखावर उत्पन्न असलेल्या घराची शिधापत्रिका पांढरी, त्यावर धान्य नाही. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत महिना १,५०० रुपये मिळू लागले, त्याला अडीच लाखांची मर्यादा आहे. दुसऱ्या टोकाला, २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर कमी झाले आणि वैयक्तिक आरोग्य व आयुर्विमा हप्त्यांवरचा करही गेला.

समर्थकांच्या मते करसवलतींनी मध्यमवर्गाच्या हातात खरा पैसा राहिला. टीकाकार दाखवून देतात की वर्षाला तीन ते सहा लाख मिळवणारे घर पूर्वीही करसवलतींमुळे फारसा प्राप्तिकर भरत नव्हते. त्यामुळे रेशनही नाही आणि करसवलतीचा मोठा लाभही नाही, अशी मधली फट उरते. औद्योगिक वसाहतीतली पुष्कळ घरे याच फटीत आहेत.

८. बचतीचा वाद

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास उतरली, अनेक दशकांतली नीचांकी पातळी. घर चालवण्यासाठी लोक कर्ज काढत आहेत, असा एक अर्थ लावला गेला. अर्थ मंत्रालयाने दुसरा अर्थ सांगितला, की लोकांनी घरे आणि वाहने घेतली आहेत, म्हणजे बचत फक्त रूप बदलते आहे. बोईसरमध्ये दोन्हींची उदाहरणे एकाच जिन्यावर सापडतात. एका घराचा हप्ता मालमत्ता उभी करतो. शेजारच्या घरात सोने गहाण पडते ते शाळेची फी भरण्यासाठी.

९. न सुटलेले प्रश्न

सांख्यिकी खात्याचा ग्राहक किंमत निर्देशांक राज्यपातळीपर्यंतच मिळतो. पालघर जिल्ह्याचा वेगळा निर्देशांक नाही. मुंबईला जोडलेले बोईसर आणि डोंगरातले मोखाडा एकाच सरासरीत मिसळतात. दुसरे, सेवांच्या महागाईवर, म्हणजे शिकवणी, दवाखाना, रिक्षा आणि भाडे यांवर देखरेख कोणी करायची, हे ठरलेले नाही. व्याजदराचा तिथे फारसा उपयोग नाही आणि शिधावाटपाचा तर नाहीच. तिसरे, खासगी पगार आणि पेन्शन यांना निर्देशांकाशी किती आणि कसे जोडायचे, यावर कामगार आणि मालक यांच्यात तडजोडीचे सूत्र सापडलेले नाही. चौथे, शेतकऱ्याला आणि मच्छीमाराला योग्य भाव देऊन ग्राहकाला परवडेल असा माल पोहोचवणारी साखळी अजून तुटक आहे.

या सगळ्याचा भार घरात कोण उचलते, याची नोंद मात्र कुठल्याच निर्देशांकात होत नाही. शेवटचा तुकडा दुसऱ्याच्या ताटात वाढणारी, स्वतःची तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलणारी, सुट्टीच्या दिवशी शिकवणी घेणारी बाई हाच या घरांचा सर्वांत मोठा धक्काशोषक आहे. १९७२ च्या बायकांनी धान्य आणि तेल मागितले होते, आणि त्या मागणीतून वितरणाचा प्रश्न सरकारच्या दारात गेला. आजच्या घराची मागणी तितकी डोळ्यांना दिसणारी नाही. त्याला हवी आहे परवडणारी शाळा, जवळचे रुग्णालय, स्टेशनबाहेरची भरवशाची बस आणि भावांबरोबर चालणारी मिळकत. बेगमी एका घराची असते, ती पावसाळ्यापुरती पुरते. या चार गोष्टी मात्र गावाने, जिल्ह्याने आणि राज्याने मिळूनच भरून ठेवायच्या आहेत.